रात्र ओलांडणारा छोटा सौर ड्रोन: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

ध्येय आधी नेमकं लिहून ठेवतो, कारण 'सौर ड्रोन' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे बॅटरीवर उडणारं विमान, ज्याच्या पंखावरचे सेल उड्डाणाचा वेळ थोडा वाढवतात. दुसरी, ऊन आहे तोवरच उडणारं. तिसरी, दिवसा उडता उडता बॅटरी भरून घेणारं आणि त्याच बॅटरीवर रात्र काढून पुन्हा उन्हात पोहोचणारं. आम्हाला तिसरी हवी आहे. कसोटी साधी ठेवली: आज सूर्यास्ताला बॅटरीत जेवढी ऊर्जा आहे, तेवढीच उद्या सूर्यास्तालाही असली पाहिजे. हे जमलं की उड्डाण किती लांबेल हे ऊर्जेवर अवलंबून राहत नाही. ते हवामान, मोटरचे बेअरिंग आणि बॅटरीचं वय ठरवतात.

मल्टिरोटर (अनेक प्रोपेलरवर तरंगणारं) की स्थिर पंख, हा प्रश्न एका हिशेबात मिटला. साडेतीन किलोचं यंत्र पंधरा इंची चार प्रोपेलरवर नुसतं एका जागी तरंगत ठेवायचं म्हटलं, तर आदर्श स्थितीतही २०० वॅटच्या आसपास लागतात. मोटर आणि प्रोपेलरचे तोटे धरले की आकडा साडेतीनशेच्या पुढे जातो. तेच वजन लांब पंखावर तीसएक वॅटमध्ये उडत राहतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या चमूनं २०१८ मध्ये फक्त उन्हावर उडणारा क्वाडकॉप्टर दाखवला होता: १४८ सेल, वजन २.६ किलो, दहा मीटरपेक्षा जास्त उंची. कामगिरी विलक्षण आहे. पण सगळी वीज तरंगण्यातच संपते, रात्रीसाठी बाजूला काढायला काही उरत नाही. म्हणून स्थिर पंख.

११ जानेवारी

आधीच्यांनी काय केलं ते एका पानावर मांडलं. ४ नोव्हेंबर १९७४ ला 'सनराइज' उडालं, सौरऊर्जेवरचं पहिलं विमान, तेही मानवरहित. रात्र ओलांडायला त्यानंतर तीस वर्षं जावी लागली. ॲलन कोकोनी यांचं 'सोलाँग' जून २००५ मध्ये ४८ तास १६ मिनिटं हवेत राहिलं, पंख पावणेपाच मीटरचा. झुरिकच्या ईटीएच संस्थेचं 'स्काय-सेलर' जून २००८ मध्ये २७ तासांवर उडालं, पंख फक्त ३.२ मीटर, वजन अडीच किलोच्या आत. त्याच संस्थेचं 'अटलांटिकसोलर' जुलै २०१५ मध्ये साडेएक्याऐंशी तास उडालं, पंख ५.६ मीटर, वजन सातएक किलो. 'झेफायर' २०२२ मध्ये ६४ दिवस वर होतं, पण तो प्रांत वेगळा: २५ मीटरचा पंख आणि ढगांच्या कितीतरी वरचं स्थितांबर.

१९७४ आणि २००५ यांच्यात सूर्य बदलला नाही. सेलची कार्यक्षमता वाढली हे खरं, पण मोठी झेप बॅटरीनं घेतली. निकेल-कॅडमियमच्या काळात किलोमागे ४०-५० वॅट-तास मिळायचे, आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये २५० मिळतात. आमचा आकार स्काय-सेलर आणि अटलांटिकसोलर यांच्या मधला राहील.

१९ जानेवारी

वजनाचा हिशेब. समपातळीत उडायला लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर शक्ती पंधरा टक्क्यांनी. हे वाक्य भिंतीवर लिहून लावलं आहे, कारण इथून पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्यासमोर घ्यायचा आहे.

पंख ३.६ मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद, क्षेत्रफळ १.०८ चौरस मीटर. वजनाची वाटणी: सांगाडा १,००० ग्रॅम, सेल, त्यांचं आवरण आणि तारा ४६०, बॅटरी बांधणीसकट १,५००, मोटर, प्रोपेलर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) १९०, ऑटोपायलट, सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), रेडिओ २४०, चार्जिंगची सर्किटं ९०, कॅमेऱ्यासाठी राखलेले १२०. एकूण ३.६ किलो. उचल गुणांक (ठरावीक वेगाला पंख किती उचल देतो त्याचा आकडा) ०.८५ धरला तर वेग सेकंदाला ८.२ मीटर येतो. त्या वेगाला हवेचा अडथळा साधारण १.९ न्यूटन, म्हणजे हवेला द्यायची शक्ती पंधरा वॅटच. मोटर, ईएससी आणि प्रोपेलर मिळून बॅटरीतल्या विजेपैकी जवळपास निम्मी वाटेत गमावतात, म्हणून बॅटरीतून २९ वॅट. वर इलेक्ट्रॉनिक्सचे ४. एकूण ३३.

बॅटरी किती असावी याचं एक सुंदर उत्तर गणितातून निघतं. बाकी वजन ठरलेलं असेल, तर सर्वांत जास्त वेळ उडण्यासाठी बॅटरीचं वजन बाकीच्या दुप्पट असायला हवं. प्रत्यक्षात तिथवर कुणी जात नाही. बॅटरी वाढली की तिला पेलणारा पंखही जड होतो, उड्डाणाचा वेग वाढतो, आणि हातानं फेकून उडवणं अवघड होतं. पण दिशा कळते: यात बॅटरी हे ओझं मानायचं नाही, तीच मुख्य माल आहे.

२ फेब्रुवारी

सेल ठरले. १२५ मिलिमीटरचे, कोपरे कापलेले, मागच्या बाजूला दोन्ही टोकं असलेले सिलिकॉन सेल. कार्यक्षमता साडेबावीस टक्क्यांच्या आसपास, वजन सात ग्रॅमच्या आत, जाडी केसाहून थोडी जास्त. गॅलियम आर्सेनाइडचे सेल याहून बरेच चांगले आहेत, पण किंमत अशी की एक पंख मोडला तर प्रकल्प तिथेच थांबेल.

दोन रांगा, रांगेत २४, एकूण ४८. प्रमाणित चाचणीच्या परिस्थितीत एक सेल ३.४ वॅट देतो, म्हणजे कागदावर १६३ वॅट. कागदावरचा हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. उन्हातला पंख पन्नाशी गाठतो आणि सिलिकॉन दर अंशाला साधारण ०.३ टक्के गमावतं. वर आवरण, तारा, चार्जरचे तोटे आणि पंखाच्या वळणामुळे तिरपं पडणारं ऊन. १२० वॅट हातात आले तरी समाधान मानू.

सगळे ४८ एकामागे एक जोडले तर २८ व्होल्ट मिळतात, पण तापल्यावर तेच २५-२६ वर उतरतात. सहा सेलची बॅटरी भरल्यावर २५.२ व्होल्टला पोहोचते. मग व्होल्टेज उतरवून घेणाऱ्या चार्जरला उतरवायला काही उरतच नाही, आणि ते नेमकं भर दुपारी. म्हणून २४-२४ च्या दोन माळा, प्रत्येकीला स्वतंत्र एमपीपीटी (सेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढून घेणारा चार्जर), आणि दोन्ही व्होल्टेज चढवणारे. तूर्त एक माळ डाव्या पंखाची, एक उजव्या.

बॅटरी: ३.४ अँपिअर-तासाचे १८६५० आकाराचे दंडगोल लिथियम-आयन सेल, सहा मालिकेत, पाच समांतर. तीस सेल, ३६७ वॅट-तास, निव्वळ सेलचं वजन १,४४० ग्रॅम. ड्रोनमध्ये सर्रास वापरतात त्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीपेक्षा हे सेल एकदम जास्त प्रवाह देऊ शकत नाहीत, पण आम्हाला ते नकोच आहे. सगळी बॅटरी रिकामी व्हायला अकरा तास लागणार असतील तर सेलवर ताण असा नसतोच, आणि त्या संथ गतीला ते आपली जवळजवळ पूर्ण क्षमता देतात.

२० फेब्रुवारी

पंखाचं काम सुरू. कार्बन ट्यूबचा मुख्य कणा, बाल्साच्या फासळ्या, पुढच्या कडेला पातळ काचतंतूचं कवच. मधला तीन मीटरहून लांब भाग पूर्ण सपाट ठेवला आणि वर उचललेला कोन फक्त टोकांच्या पाव-पाव मीटरना दिला. सेल फक्त सपाट भागावर, एलेरॉन (विमान कलतं करणाऱ्या हलत्या पट्ट्या) फक्त टोकांना.

एअरफॉइलबद्दल, म्हणजे पंखाच्या काटछेदाच्या आकाराबद्दल. या वेगाला आणि या रुंदीला रेनॉल्ड्स अंक (पंखावरची हवा कशी वाहेल हे सांगणारा आकडा) दीड लाखाच्या आसपास येतो. मोठ्या विमानांच्या अनुभवातले नियम इथे चालत नाहीत. हवेचा शांत थर पंखापासून लवकर सुटतो, बुडबुडा करून पुन्हा चिकटतो, आणि त्या बुडबुड्याची लांबी अडथळा ठरवते. आमच्या पंखावर आणखी एक भर: सेल वळत नाहीत, म्हणजे वळतात पण थोडेच, त्यामुळे वरचा पृष्ठभाग गुळगुळीत वक्र न राहता तुकड्यातुकड्यांचा होतो. पहिली रांग पुढच्या कडेपासून ३५ मिलिमीटरवर सुरू होते. तिथे जी बारीक पायरी तयार होते, ती थराला मुद्दाम खवळवण्यासाठी लावतात त्या पट्टीसारखी काम करेल असं संगणकातल्या चाचणीत दिसतं. संगणकावर इथे पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. उडवल्यावर कळेल.

६ मार्च

सेल जोडून झाले. दोन्ही टोकं मागे असल्यामुळे जोडणी मागूनच, मधे बारीक आणि टोकांना रुंद अशा तांब्याच्या पट्ट्यांनी. पंख हवेत वाकतो, आणि त्या बारीक भागात लवचीकपणा राहिला नाही तर वाकण्याचा सगळा जोर सेलवर येतो. काच वजनामुळे बादच होती, वर पातळ पारदर्शक फिल्म आहे.

तडे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत पंखाच्या माळेत बाहेरून वीज सोडली. असं केलं की सिलिकॉन सेल स्वतःच अवरक्त प्रकाश टाकतो, ११५० नॅनोमीटरच्या आसपासचा. त्याची कड साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसते, फक्त आतलं अवरक्त अडवणारं फिल्टर काढून घ्यायचं आणि शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. चांगला सेल एकसारखा उजळतो. तडा जाऊन तुटलेला तुकडा काळा राहतो. दोन सेलचे कोपरे काळे आले, ते बदलले. ही चाचणी प्रत्येक कठीण उतरणीनंतर करायची असं ठरवलं आहे. एका माळेतला सर्वांत कमजोर सेल सगळ्या माळेचा प्रवाह ठरवतो, त्यामुळे एका काळ्या कोपऱ्याची शिक्षा उरलेल्या तेवीस जणांना होते.

१५ मार्च

दोन्ही एमपीपीटी बसवले. पद्धत जुनी आणि खात्रीची: व्होल्टेज थोडं हलवायचं, शक्ती वाढली तर त्याच दिशेनं पुढे, घटली तर मागे. बॅटरी भरल्यावर काय होतं ते मुद्दाम टेबलावर तपासलं. बॅटरी काठोकाठ भरलेली, मोटर वीज घेतेय, आणि अचानक मोटर बंद. त्या क्षणी पंखातून येणाऱ्या विजेला जायला जागा नसते. सर्किटनं व्होल्टेजची मर्यादा पाळली, उसळी किरकोळ होती. हवेत हे रोज दुपारी घडणार आहे.

२८ मार्च

आजची नोंद लांब होणार. आतापर्यंतच्या कामात सर्वांत जास्त शिकवणारा दिवस.

पंख मोकळ्या जागी स्टँडवर आडवा ठेवला आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर मिनिटाला शक्ती नोंदवली. घड्याळाच्या वेळेऐवजी सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत लिहिली, म्हणजे आकडे कुठल्याही ठिकाणी आणि कुठल्याही महिन्यात वापरता येतील. स्वच्छ आकाशात दोन्ही माळा मिळून:

५ अंशांवर ४ वॅट. १० वर १३. १५ वर २३. २० वर ३४. २५ वर ४६. ३० वर ५८. ६० वर १०९. दिवसातलं सर्वाधिक ११८.

दुपारच्या आकड्यानं आनंद झाला, पण पुन्हा पुन्हा नजर गेली ती सुरुवातीच्या चार आकड्यांवर. आमचं विमान ३३ वॅट खातं. म्हणजे सूर्य वीस अंश वर येईपर्यंत ते बॅटरीतूनच काढत राहणार. स्वच्छ सकाळी ऊन पडलंय, सावल्या लांब पडल्यात, सगळं उजळलंय, आणि विमानासाठी मात्र अजून रात्रच आहे. सूर्य तासाला तेरा-चौदा अंश चढतो असं धरलं तर वीस अंशांना दीड तास लागतो. संध्याकाळीही तेच उलट्या क्रमानं. कॅलेंडरमधली रात्र साडेदहा तासांची असेल तर विमानाची रात्र साडेतेरा तासांची. विषुववृत्तापासून दूर, जिथे सूर्य तिरपा चढतो, तिथे हा फरक आणखी मोठा.

मांडून पाहिलं. रात्रीचे साडेदहा तास गुणिले ३३, म्हणजे ३४७ वॅट-तास. सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही कडांच्या मिळून तीन तासांत सरासरी १९ वॅट कमी पडतात, त्याचे ५७. बेरीज ४०४. बॅटरी ३६७ ची. रात्र संपायच्या आधी, किंवा खरं तर उजाडल्यावर, विमान खाली येतं.

आणि दुपारी? दिवसभराची वीज आमच्या गरजेपेक्षा बरीच जास्त आहे. बॅटरी दुपारीच भरेल आणि पुढचे कित्येक तास पंखावरचं ऊन वाया जाईल. सौर विमान म्हटलं की सगळे सर्वाधिक वॅट विचारतात. त्या आकड्यानं आमचं काहीच ठरत नाही. सगळं ठरतं ते वीस अंशांच्या खाली. सकाळचा तो समतोल बिंदू, म्हणजे पंखाची वीज आणि विमानाचा खर्च सारखे होतात ती सूर्याची उंची, जितका खाली आणता येईल तितकं विमान स्वतंत्र, हे आता या प्रकल्पाचं सूत्र.

याच नोंदीतून आणखी एक गोष्ट सापडली. सूर्य खाली असताना स्टँड फिरवला की शक्ती फार बदलत होती, दुपारी अजिबात नाही. कारण पंखाच्या वळणात आहे. पुढची रांग आठेक अंश पुढे झुकलेली, मागची सहाएक अंश मागे. दहा अंशांवरच्या सूर्याकडे तोंड केलं तर पुढच्या रांगेला ऊन अठरा अंशांनी लागतं, मागच्या रांगेला फक्त चार. डाव्या-उजव्या माळेत या दोन्ही रांगा एकत्र बांधलेल्या आहेत, त्यामुळे मागची रांग पुढचीचाही प्रवाह दाबून टाकते. पंखाचा मधला भाग सपाट असल्यानं डाव्या आणि उजव्यात फरक जवळजवळ नाहीच, पुढच्या आणि मागच्यात आहे. तर माळा तशाच पाडायच्या: पुढची एक, मागची एक. टोकांकडचे जोड काढून मधल्या कनेक्टरवर नवे जोड दिले. वजन वाढलं नाही. वर लिहिलेले आकडे या बदलानंतरचे आहेत, वेगवेगळ्या दिशांचे सरासरी.

५ एप्रिल

इलेक्ट्रॉनिक्सचे ४ वॅट खाली आणले. टेलिमेट्री सतत न पाठवता ठरावीक अंतरानं, रेडिओची ताकद अंतरानुसार, सर्व्होंना फक्त गरजेपुरती हालचाल. आता २.५. बारा तासांत १८ वॅट-तास वाचतात, म्हणजे बॅटरीतल्या दीड सेलची ऊर्जा, सत्तर ग्रॅमची बॅटरी. कुठेही ब्लेड न लावता मिळालेले सत्तर ग्रॅम.

१७ एप्रिल

मोटर. इथली अडचण अशी की विमान हवेत फेकताना काही सेकंद दीडशे वॅट लागतात आणि नंतर तासन्‌तास २८-३०. मोठ्या कामासाठी निवडलेली मोटर हलक्या कामाला वाईट असते, कारण नुसती फिरत राहायला ती जो प्रवाह खाते तोच मग मोठा वाटा होऊन बसतो. कमी फेऱ्यांची मोटर आणि मोठा, मिटणारा १६ इंची प्रोपेलर, असं जोडपं ठरवलं. प्रोपेलरची चाचणी एका जागी उभं राहून करण्यात अर्थ नाही. स्थिर हवेत उत्तम ठरलेला प्रोपेलर ८ मीटरच्या वेगाला साफ वेगळा वागतो. तुलनेसाठी १३ इंचीही ठेवला आहे.

२ मे

उडालं.

पहाटेची निश्चल हवा, १३ इंची प्रोपेलर, पूर्ण वजन. हातातून सुटल्यावर जरा खाली बसलं आणि मग अतिशय शांतपणे वर सरकत गेलं. एवढा लांब पंख इतक्या कमी वेगानं जाताना पाहणं हा वेगळाच आनंद आहे. वेगमापक नळी जुळवल्यावर ऑटोपायलटकडे दिलं. समपातळीत मोटरला ३१ वॅट. पुढच्या उड्डाणात १६ इंची लावला: २८. संगणकानं सांगितलं होतं २९. पहिल्या रांगेची पायरी खरंच उपयोगी पडतेय की सेलच्या तुकड्यांनी तोटा कमी केला, हे सांगता येत नाही, पण पंख अपेक्षेपेक्षा वाईट नाही. इलेक्ट्रॉनिक्ससह एकूण ३०.५.

सर्वांत कमी शक्तीचा वेग आणि पंखाची उचल सुटण्याचा वेग यांत सेकंदाला जेमतेम सव्वा मीटरचं अंतर आहे. झुळूक आली की ऑटोपायलट घाबरून मोटर वाढवतो. उंची आणि वेग यांना एकच ऊर्जा मानून सांभाळणारं नियंत्रण ऑटोपायलटच्या आर्डूपायलट या सॉफ्टवेअरमध्ये आहेच, त्याची प्रतिक्रिया मुद्दाम संथ केली. उंची दहा-पंधरा मीटर खालीवर झाली तर होऊ दे, मोटर स्थिर राहू दे. सरासरी वापर लगेच उतरला.

१६ मे

उंचीत ऊर्जा साठवण्याचा विचार पुन्हा झाला. झेफायरसारखी विमानं दिवसा उंच चढतात आणि रात्री हळूहळू उतरत येतात. आमच्या वजनाला ५०० मीटर म्हणजे पाच वॅट-तासांची स्थितिज ऊर्जा. ऐकायला क्षुल्लक, पण तेवढ्या उंचीवरून मोटर बंद ठेवून घसरत यायला एकोणीस मिनिटं लागतात, आणि चढायची वीज दुपारच्या वाया जाणाऱ्या उन्हातली, म्हणजे फुकट. मात्र बऱ्याच देशांत छोट्या ड्रोनना १२० मीटरच्या वर परवानगी नसते. उरतात चार मिनिटं. यासाठी धडपड नको.

ऊन तापल्यावर उठणारे हवेचे स्तंभ वापरणं मात्र चालू ठेवतोय. आर्डूपायलटला ते ओळखून त्यांत घिरट्या घालता येतात. आज अनेकदा मोटर पूर्ण बंद राहिली. तरी रात्रीच्या हिशेबात याचा एकही वॅट-तास धरणार नाही. ते स्तंभ मिळतात दुपारी, जेव्हा आम्हाला काही कमी नसतं. पहाटे ते नसतात.

२४ मे

सकाळपासून सूर्यास्तापर्यंत उड्डाण. नजर ठेवायला आम्ही पाळ्या लावल्या होत्या. सूर्य वीस अंशांवर असताना, बॅटरी मुद्दाम एक पंचमांशच भरलेली ठेवून सोडलं. एकच्या सुमाराला बॅटरी पूर्ण. त्यानंतर एमपीपीटी दुपारभर स्वतःला आवरत राहिले. शेवटच्या तासाभरात आकडा हळूहळू खाली येऊ लागला आणि सूर्यास्ताला बॅटरीत ९४ टक्के होते, म्हणजे संध्याकाळच्या कडेचा खर्च अंदाजाप्रमाणे. दुपारी पातळ ढगांचा पडदा आला तेव्हाही पंखाची वीज गरजेच्या वर राहिली. पन्नास अंशांवरच्या सूर्याला पडदा परवडतो, पंधरा अंशांवरच्याला नाही.

८ जून

रात्रभर उडवण्याआधी रात्रीचा सर्वांत धोकादायक तुकडा वेगळा काढून उडवला, तो म्हणजे सकाळ. अंधारात उडण्याची परवानगी लागते, ती अजून यायची आहे. म्हणून सूर्योदयाच्या क्षणी, बॅटरीत रात्रीनंतर जेवढं उरेल असा अंदाज आहे तेवढंच ठेवून, विमान सोडलं. तळाशी राखीव म्हणून वेगळं काही नव्हतं, पण मैदान मोठं आणि मोकळं होतं.

सुरुवातीला पंखातून जवळपास काही नाही. दहा अंशांवर ११ ते १६ वॅटच्या मधे, तोंड कुठे आहे त्यावर. मग एक प्रयोग केला: गोल घिरट्या सोडून सूर्याकडे जाणारे लांब सरळ पट्टे आणि परतीचे वळण शक्य तितकं लहान. हलका वारा सूर्याच्या दिशेनंच येत होता, त्यामुळे विमान सूर्याकडे जाताना जमिनीच्या तुलनेत सावकाश सरकलं आणि बहुतेक वेळ सूर्याकडेच तोंड करून राहिलं. पुढच्या रांगेनं स्वतःची माळ स्वतंत्रपणे चालवली. सूर्य साडेअठरा अंशांवर असताना बॅटरीतून जाणारा प्रवाह शून्य झाला आणि मग उलटा वाहू लागला. मार्चमधल्या मोजणीत ३३ वॅटसाठी वीस अंश लागत होते. दीड अंश म्हणजे सहा-सात मिनिटं. त्या सहा-सात मिनिटांसाठी चार महिने काम झालं आहे, आणि ते तितकं मोलाचं आहे.

१२ जून

नवे आकडे घेऊन रात्रीचा हिशेब पुन्हा. साडेदहा तास गुणिले ३०.५: ३२०. दोन्ही कडांचे ४७. बेरीज ३६७. बॅटरीही बरोबर ३६७ ची. गणितात जुळतं, हवेत जुळणार नाही. एक ढग, रात्रीचा थोडा वारा, सेलचं थोडं वय, यांपैकी काहीही पुरेसं आहे. निदान वीसएक वॅट-तास शिल्लक पाहिजेत.

पर्याय पहिला: बॅटरीत आणखी सहा सेल. ७४ वॅट-तासांची भर, ३०० ग्रॅम वजन. विमान ३.९ किलो होतं, मोटर २८ ऐवजी साडेएकतीस वॅट मागते, सकाळचा समतोल पुन्हा वीस अंशांवर सरकतो. रात्रीचा खर्च ४१६, बॅटरी ४४१. शिल्लक २५. वाढवलेल्या ७४ पैकी ४९ वॅट-तास नव्या वजनालाच वाहण्यात जातात.

पर्याय दुसरा: बॅटरीला हात न लावता सांगाड्यातून १५० ग्रॅम काढायचे. मोटर २६.३ वॅटवर येते, एकूण २८.८. रात्रीचे ३०२, समतोल साडेसतरा अंशांवर आल्यामुळे कडांचे ४२. शिल्लक २३. तीनशे ग्रॅम चढवून जे मिळतं, जवळपास तेच दीडशे उतरवून मिळतं, आणि उतरणंही हळुवार होतं.

दुसरा पर्याय घेतला. कुठून काढायचे ते आजच तराजूवर पाहिलं: शेपटीची नळी जाड आहे, बारीक घेतली तर ४० ग्रॅम. पंखातल्या तारा दुपारच्या प्रवाहासाठी जाड ठेवल्या होत्या. दुपारी वीज वायाच जाते, मग तिथे थोडा तोटा झाला तरी चालेल. पातळ तारा, ३० ग्रॅम. बॅटरीची वेगळी पेटी काढून सेल थेट कण्यालगत पंखात बसवायचे, ५५ ग्रॅम. वजन पंखभर पसरलं की कण्यावरचा ताणही घटतो, म्हणून कण्याच्या बाहेरच्या भागातला कार्बनचा एक थर कमी करता येईल, २५ ग्रॅम. झाले दीडशे.

शेपटीची नळी उद्या कापायला घेतोय. पंख उघडल्यावर सगळ्या सेलची अंधारातली चाचणी पुन्हा.